यंत्राची उलटतपासणी

सत्य आणि लोकहित या दोन्ही कसोट्यांना उतरणारे लिखाण बदनामी ठरत नाही, हे मला तोंडपाठ आहे. त्या कसोट्या पाळूनच मी उल्हासनगरच्या एका शिकवणी वर्गाच्या संचालकाविषयी लिहिणार आहे. त्याचे नाव देणार नाही. दयेपोटी नव्हे, माझ्या कागदावर त्याला तेवढीही जागा द्यावी असे मला वाटत नाही. त्याने माझ्या मुलीला भरल्या वर्गात नक्कलखोर ठरवले, निवडक तुकडीतली तिची जागा काढून घेतली, आणि हा निकाल आपला नसून संगणकाचा आहे असे सांगून हात झटकले. या गोष्टीला आता बरीच वर्षे लोटली. काळ हे औषध आहे, असे लोक म्हणतात. मी ते घेतलेले नाही.

मी अंबरनाथच्या एका कारखान्यात आस्थापना शाखेत लिपिक होतो. नोकरी सांभाळून मी कायद्याची पदवी घेतली. सनद मात्र घेतली नाही, कारण घर पगारावर चालत होते. तरी शिक्षण वाया गेले नाही. कारखान्यात एखाद्या कामगारावर आरोपपत्र आले की खातेनिहाय चौकशीत आपल्या बाजूने बसण्यासाठी तो मला बोलावी. त्या चौकशांमध्ये मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत आलो. ज्याच्या साक्षीवर माणसाची भाकरी जाणार आहे, त्या साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा हक्क त्या माणसाला असलाच पाहिजे. कोणत्याही साहेबाला हे आवडत नसे. एकाने तर चिडून विचारले होते, "तुम्ही कारकून आहात की हायकोर्ट?" मी त्यालाही लेखी उत्तर दिले होते.

आमची वस्ती कारखान्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर होती. छप्पन्न सालानंतर बुद्धाच्या मार्गाला लागलेली आमची सारी घरे. कोणी कारखान्यात, कोणी रेल्वेत, कोणी नगरपालिकेत. वस्तीच्या विहारात ऐंशीच्या दशकाच्या आरंभापासून मुलांचा संध्याकाळचा अभ्यासवर्ग भरत असे, आणि त्या वर्गाचा एक नियम होता. तो नियम मुळात मुलांसाठी केलेला नव्हता. एका वर्षी जयंतीच्या मिरवणुकीच्या मार्गावरून समितीच्या सभेत दोन तट पडले. कोणी कोणाचे ऐकेना. खुर्च्या मोडल्या, एकाच्या कपाळाला टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे कागद मांडल्यावर असे निष्पन्न झाले की दोन्ही तटांचा मार्ग एकच होता. निघण्याची जागा तेवढी वेगळी होती. त्या लाजेपोटी जाणत्या मंडळींनी ठरवले: सभेत जो उत्तर द्यायला उभा राहील त्याने आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत मांडायचे, त्याला "बरोबर मांडलं का?" असे विचारायचे, आणि त्याने "बरोबर" म्हटल्यावरच स्वतःचे तोंड उघडायचे. आधी त्याचं, मग आपलं.

सभेतला हा नियम अभ्यासवर्गात आला आणि अभ्यासवर्गातून घराघरात शिरला. भाजीत मीठ जास्त झाले असे मी म्हणालो की माझी पत्नी ताट बाजूला सारून म्हणे, "आधी माझं काय म्हणणं आहे ते सांगा. मीठ कुणी दोनदा घातलं?" मग मला आधी तिचे म्हणणे मांडावे लागे, आणि ते मांडताना बहुधा मीच खटला हरत असे. माझी मुलगी या वातावरणात वाढली. समोरच्याचे बोलणे पुन्हा सांगितल्याशिवाय तिला स्वतःचे बोलताच येत नसे. हा दोष आहे, हे तिला सांगण्यासाठी संगणकाचा शोध लागावा लागला.

दहावीला तिला उत्तम गुण मिळाले. नव्वदच्या दशकाचा तो मध्य होता. अभियांत्रिकीला जायचे तर बारावीच्या विज्ञानासाठी शिकवणी लावलीच पाहिजे असे वारे होते. उल्हासनगरच्या कॅम्प चार या भागात, फर्निचरच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हा संचालक वर्ग चालवीत असे. त्याच्याकडे दोन तुकड्या होत्या. निवडक तुकडीला तो स्वतः शिकवी, खाली वातानुकूलित खोलीत. साधी तुकडी गच्चीवर पत्र्याखाली बसे, आणि तिला नुकताच पदवीधर झालेला एक जण पुस्तकातून वाचून दाखवी. वालधुनीच्या नाल्यावरून वारा आला की गच्चीवरची मुले रुमाल नाकाशी धरून गणिते सोडवीत. माझी मुलगी आणि आमच्या मागल्या आळीत राहणारी तिची मैत्रीण, दोघी आपापल्या गुणांवर निवडक तुकडीत बसल्या होत्या. दोघी मिळून अंबरनाथहून जात आणि मिळून परत येत.

त्या वर्षी संचालकाने पुण्याच्या कोणा कंपनीकडून एक आज्ञावली आणली. तिला तो 'बुद्धिमान शिक्षक' म्हणे. पादत्राणे बाहेर काढून मुलांनी त्या थंड खोलीत जायचे. चार मुलांचा गट, प्रत्येकापुढे एक संगणक, आणि चारही संगणक तारेने एकमेकांना जोडलेले. पडद्यावर विज्ञानातला एक प्रश्न येई. प्रत्येकाने आपले मत इंग्रजीत टंकायचे. ते चौघांच्याही पडद्यावर उमटे. मध्येच यंत्र मास्तरासारखे विचारी, "असे का?", "कोणाला हे अमान्य आहे?" आणि प्रत्येकाच्या मतावर शेरा मारी. गटाने चर्चा कशी करावी हे शिकवण्यासाठी ते यंत्र होते. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही लिहून देईन. पण त्या शेऱ्यांवरून महिनाअखेरीस निवडक तुकडीत कोण राहणार हे ठरवायचे, अशी योजना संचालकाने आखली. इथे शिक्षक संपला आणि न्यायाधीश सुरू झाला. आणि तोही असा, की ज्याच्या निकालावर अपील नाही.

एका शनिवारी मुलगी घरी आली ती चप्पल न काढताच पाटावर बसली. पत्नीने पाणी दिले. ते तिने हातात धरून ठेवले.

"काढलं मला," ती म्हणाली. "आम्हा दोघींनाही. सोमवारपासून गच्चीवर."

"कशासाठी?" मी विचारले.

"नक्कल करतो म्हणून. सरांनी सगळ्यांसमोर आम्हाला उभं केलं. म्हणाले, तुमच्या वस्तीतली मुलं पाठांतरात हुशार असतात, पण स्वतःचं डोकं चालवा म्हटलं की शेजारच्याच्या पाटीत बघतात."

"तुमच्या वस्तीतली? हेच शब्द?"

"हेच शब्द, पप्पा."

माझ्या पत्नीने कणकेचा हात तसाच ठेवून विचारले, "तू नक्की काय लिहिलं होतंस, ते सांग आधी."

"प्रश्न असा होता, की दगड सरळ वर फेकला. सगळ्यात वर पोचला की त्या क्षणी त्याच्यावर बल किती? कॅम्प दोनच्या कापडवाल्यांचा मुलगा आमच्या गटात आहे. त्याने लिहिलं, शून्य, कारण तो थांबलेला असतो. मग मी लिहिलं, याचं म्हणणं असं आहे की दगड वर क्षणभर थांबतो म्हणून बल शून्य. पण थांबला तो वेग. बल कुठे थांबलंय? पृथ्वी ओढतेच आहे."

"मग?"

"मग संगणक टूं करून वाजला. मागच्या विद्यार्थ्याची नक्कल, स्वतः विचार करा, म्हणाला."

"आणि कापडवाल्याच्या मुलाला?"

"स्वतंत्र विचार. शाबास."

"उत्तर चुकलं होतं तरी?"

"चूक-बरोबर ते शेवटी बघतं. आधी सहभाग मोजतं. माझ्या वाक्यात त्याचे शब्द सापडले की झाली नक्कल. मैत्रिणीचंही तेच झालं. मी एकदा मुद्दाम त्याचं न सांगता नुसतं माझं लिहून बघितलं. तेव्हा नाही वाजलं."

"मग तसंच लिहावं की गं," पत्नी म्हणाली.

"तसं लिहिलं की आपण कुणाला उत्तर देतोय तेच कळत नाही, आई. चौघं चार दिशांना बोलत बसतो."

मी सर्व समजलो. ज्या सवयीसाठी आमच्या वस्तीने खुर्च्या आणि कपाळे खर्ची घातली, तिला त्या यंत्राच्या पोटात एकच नाव होते: चोरी. यंत्राला मी दोष देत नाही. त्याला जेवढे सांगितले तेवढे ते करी. दोष त्याचा, ज्याने मुलींना काय लिहिलेस, का लिहिलेस, एवढेही न विचारता वर्गात उभे केले, आणि यंत्राच्या शेऱ्याला स्वतःच्या मनातले 'तुमच्या वस्तीतली' हे शब्द जोडले. ते शब्द काही पुण्याच्या कंपनीने पुरवलेले नव्हते.

सोमवारी मी रजा टाकून गेलो. संचालकाने मला बराच वेळ जिन्यात उभे ठेवले. तिथून त्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. तो चांगला शिकवीत होता. शत्रूच्या जमेची बाजूही प्रामाणिकपणे नोंदवावी लागते. कोणा मुलाने चुकीचे उत्तर दिले की तो त्याला झिडकारीत नसे. "तू म्हणतोस की पाणी गोठलं की जड होतं. बरं. पण मग बर्फ तरंगतो कसा?" असे विचारी. दर वेळी आधी मुलाचे वाक्य, मग त्याचे. मी जिन्याच्या कठड्याला टेकून ऐकत राहिलो आणि माझा राग हळूहळू थंड होत गेला. लोखंड ओतल्यावर थंड होते तसा. त्याला आकार आला.

त्याने मला आत घेतले तेव्हा तो घाम पुसत होता.

"हे बघा, साहेब, यंत्राला जात कळत नाही, धर्म कळत नाही, वशिला कळत नाही," तो म्हणाला. "मी काही केलेलं नाही. जे आहे ते पडद्यावर आहे."

"मग 'तुमच्या वस्तीतली' हे पडद्यावर होतं का?"

त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला, "मुलं घरी जाऊन काहीही सांगतात."

"ठीक आहे. यंत्राच्या साक्षीवर आपण जागा काढली. त्या साक्षीदाराला मला काही प्रश्न विचारायचे आहेत."

तो मनापासून हसला. "म्हणजे यंत्राची उलटतपासणी घेणार तुम्ही? मग काळा कोट घालून या."

त्या रात्री मी पहिले पत्र लिहिले. नोंदणीकृत डाकेने, पोचपावतीसह. त्यात नैसर्गिक न्यायाची तत्त्वे मांडली, आरोपाचा तपशील मागितला, आणि यंत्राची चाचणी माझ्यासमक्ष घ्यावी अशी मागणी केली. पोचपावती परत आली. उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्राचेही तेच, तिसऱ्याचेही. इकडे माझी मुलगी गच्चीवर बसत होती. तिची मैत्रीण मात्र आठवडाभरच बसली. तिच्या मोठ्या भावाने हिशेब सरळ केला: नक्कल करते म्हणून मोठ्या सरांनीच काढले, तर आणखी शिकवून काय होणार? वडील नव्हते; घरात भावाचा शब्द चाले. मी त्याला समजवायला गेलो, लग्नाच्या वयाचा कायदाही सांगितला. तो अदबीने बोलला, चहा दिला, आणि ऐकले नाही. बदलापूरकडचे एक स्थळ आलेले होते. अकरावीच्या परीक्षेच्या आधीच तिचे लग्न झाले. मंडपात माझी मुलगी जेवली नाही.

त्यानंतर मला केवळ जागा नको होती. मला तो माणूस हवा होता.

साहाय्य आले ते अनपेक्षित बाजूने. एका रविवारी कॅम्प दोनचे ते कापडवाले सिंधी शेठजी पत्ता विचारीत आमच्या दारात आले. माझ्या पत्रांची कुणकुण त्यांच्या मुलाकडून त्यांना लागली होती.

"साईं, आप वकील हैं?"

"पदवी आहे. सनद नाही."

"चलेगा. सनदवाले बहुत टाइम खाते हैं." ते खुर्चीत ऐसपैस बसले. मराठी त्यांना येत होती, पण रागावले की ते हिंदीत जात, आणि त्या दिवशी ते रागावलेलेच होते. "मेरा छोकरा रोज उस मशीन पे बैठता है. रोज शाबास लेके आता है. और चाचणी परीक्षा में फिजिक्स का पेपर... क्या बोलूं! मैंने पूछा, बेटा, शाबास किस बात की? बोलता है, पप्पा, मैं किसी का सुनता नहीं ना, इसलिए."

माझी पत्नी आतून हसली. शेठजींनाही हसू आले, पण ते त्यांनी आवरले.

"भाभीजी, हंसो मत. दुकान पे ग्राहक बोलता है, नीला दिखाओ, ये लाल दिखाता है. मशीन ने सिखाया है."

मी त्यांना जिन्यात ऐकलेले सर्व सांगितले: संचालक आधी विद्यार्थ्याचे वाक्य म्हणतो आणि मग आपले. शेठजी कपडा पारखावा तसे माझ्याकडे पाहत राहिले. मग सावकाश म्हणाले, "मतलब, मास्टर को उसी मशीन पे बिठाना है."

"हो. आणि त्याच्यासमोर चुकीचं उत्तर देणारा कोणीतरी हवा."

"गलत जवाब?" त्यांनी छातीवर हात ठेवला. "साईं, वो तो हमारे खानदान में है."

नव्या प्रवेशांसाठी संचालक पालकांचा मेळावा भरवीत असे, आणि 'पालकांनी यंत्राचा अनुभव स्वतः घ्यावा' असे त्याने हातपत्रिकेतच छापले होते. ते जाहीर निमंत्रण होते. माघार घेण्याची वाट त्याने स्वतःच्या हाताने बंद केली होती. मी मुलीला सोबत चलण्यास सांगितले तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, मला तुकडीत बसायचंय. तुम्हाला त्यांना पाडायचंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"बरोबर," मी म्हणालो. "पण गुपचूप परत मिळालेली जागा गुपचूप परत जाते."

"आणि मग त्यांच्यासमोर रोज बसायचं मला आहे. तुम्हाला नाही."

मी सदरा चढवला आणि निघालो. ती आली, पण मागच्या रांगेत बसली.

मेळावा वर्गाच्याच मोठ्या दालनात होता. संगणकाची तार एका मोठ्या दूरचित्रवाणी संचाला जोडली होती, म्हणजे पडद्यावर उमटलेले सर्वांना दिसावे. संचालकाचे भाषण झाले: यंत्राला जात नाही, धर्म नाही, वशिला नाही. टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो.

"आपल्या यंत्रापुढे विद्यार्थी आणि शिक्षक समान आहेत, हे खरे ना?"

मला ओळखून तो सावध झाला, पण सभा भरलेली होती. "अर्थातच," तो म्हणाला.

"मग एक गट आपण स्वतःच दाखवावा. आपण आणि एक पालक."

"हां, हां, मुझे सीखना है," शेठजी तोवर संगणकापुढे जाऊन बसलेही होते. लोक हसले. नकार देण्यासारखे काही उरले नव्हते. तो दुसऱ्या संगणकापुढे बसला. यंत्राने प्रश्न विचारला: लोखंडाचा गोळा आणि लाकडाचा गोळा, आकार सारखा, हवा काढून घेतलेल्या नळीत एकदम सोडले, तर आधी कोण खाली येईल?

शेठजींनी एकेक कळ शोधून, एका बोटाने टंकले. सभेला ते मोठ्याने वाचूनही दाखवत होते. लोखंड आधी, कारण लोखंड जड. यंत्राने शेरा दिला: स्वतंत्र विचार. शाबास.

"देखा?" शेठजी सभेकडे वळून म्हणाले. "पढ़ाई में पहली बार शाबास मिली."

मग संचालकाने टंकले. त्याची बोटे वेगाने चालत होती. सवयीच्या माणसाची बोटे. तुम्ही म्हणता की लोखंड जड म्हणून आधी येईल. पण नळीत हवाच नसेल, तर... वाक्य पुरे होऊन त्याने कळ दाबली आणि यंत्र वाजले. मोठ्या संचावर इंग्रजीत अक्षरे उमटली: मागील विद्यार्थ्याची नक्कल. स्वतः विचार करा.

आधी कोणीच हसले नाही. एका बाईंनी शेजारणीला विचारले, "काय लिहिलंय?" शेजारणीने सांगितले. मग हसू दालनभर पसरत गेले.

तो लाल झाला. शेठजींनी आणखी एक चूक टंकली आणि तो पुन्हा उत्तर द्यायला धावला. मला वाटले होते, आता तो सावरेल आणि नुसते आपलेच लिहील. पण पंचवीस वर्षांची सवय बोटांत असते. आधी त्याचं, मग आपलं. अगदी आमच्या विहारातल्यासारखे. यंत्र पुन्हा वाजले, आणखी एकदा वाजले, आणि शेवटी त्याने जे माझ्या मुलीविषयी सांगितले होते तेच सांगितले: या विद्यार्थ्यास निवडक गटातून वगळण्याची शिफारस.

"सरजी," शेठजी अतिशय हळुवारपणे म्हणाले, "गच्ची पे पंखा लगवा लो."

मी पुन्हा उभा राहिलो. तो क्षण मी मनात इतक्या वेळा घोळवला होता की आवाज जराही कापला नाही. "संचालक महोदय, आपण नक्कल केलीत असे मी म्हणत नाही. आपण समोरच्याचे ऐकून घेऊन उत्तर दिलेत. याच गुणासाठी आपण दोन मुलींना भर वर्गात उभे केलेत, आणि त्यांच्या वस्तीचा उद्धार केलात. त्यांपैकी एकीचे शिक्षण संपले. यंत्राची उलटतपासणी संपली. आता साक्षीदार आपण आहात."

त्याने मला आतल्या खोलीत बोलावले. "काय हवंय तुम्हाला?" त्याने दार ओढून घेतले. "मुलीला उद्यापासून तुकडीत घेतो. विषय संपवा."

"जिथे बोललात, तिथेच मागे घ्या. त्याच मुलांसमोर. लेखी. आणि यंत्राच्या शेऱ्यांवरून तुकड्या ठरवणे बंद."

"आणि नाही केलं तर?"

"तर पुढचा मेळावा केव्हा आहे ते कळवा. शेठजींना बराच वेळ आहे."

त्याने मागे घेतले. माझ्या मुलीला उभे केले होते त्याच जागी उभे राहून त्याने ते वाचले. मी दाराबाहेर उभा राहून शब्द न् शब्द ऐकला. 'वस्ती' हा शब्द त्याने फार हळू उच्चारला, म्हणून मी दार लोटून तो पुन्हा म्हणायला लावला. मुलीने घरी येऊन एवढेच सांगितले, की तिने सारा वेळ पुस्तकात पाहिले. तिला तिची जागा मिळाली. तिने वर्षभर तिथे अभ्यास केला, संचालकाने तिला नीट शिकवले, आणि बारावीला तिला अभियांत्रिकीची जागा मिळण्याइतके गुण पडले.

एवढ्यावर थांबता आले असते. पण निकालानंतर काही दिवसांनी शेठजींचा निरोप आला: "वकीलसाब, रिक्शा पकड़ो और आओ." वर्गाखालच्या रस्त्यावर, फर्निचरच्या दुकानाच्या पाटीच्या वर, संचालकाने नवा फलक रंगवून घेतला होता. वर मोठ्या अक्षरांत 'आमच्या संगणकीय चर्चावर्गाचे यश', आणि त्याखालच्या यादीत पहिले माझ्या मुलीचे नाव. ज्या यंत्राने तिला बाहेर काढले त्याच यंत्राची शोभा म्हणून ती आता भर बाजारात टांगली गेली होती. कोणाची परवानगी घेतलेली नव्हती.

मी त्याच संध्याकाळी नोटीस लिहिली. मुलीने ती वाचली.

"राहू द्या की, पप्पा. नाव तर माझंच आहे."

"तुझं आहे म्हणूनच."

तिने नोटिशीची घडी घातली. मग म्हणाली, "पाठवू नका. मीच जाते."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे गेलो. संचालक तिला पाहून खुर्चीतून उठला. मला पाहून पुन्हा बसला. "बाळ, तुला हवंय ना नाव?" तो म्हणाला. "वडिलांचं सोड. सगळा बाजार वाचतो. तुलाच मान आहे."

"नाव राहू दे, सर," ती म्हणाली. "वर 'चर्चावर्गाचे यश' लिहिलंय, तेवढं पुसा. चर्चावर्गाचं यश बघायचं असेल तर बदलापूरला जावं लागेल. तिचं नावही लिहा मग. लग्नानंतरचं."

संचालकाने तिच्याकडे पाहिले, मग खिडकीबाहेर. नुसती वरची ओळ पुसली तर फलकाला अर्थ उरत नव्हता, हे त्याला कळले. त्याने खाली हाक मारून पेंटरला बोलावले आणि सारा फलक पुसायला सांगितला. पेंटरने शिडी लावली. "कालच तर रंगवला, साहेब," तो कुरकुरला, पण डबा उघडला. मुलीने मला निघू या म्हटले आणि ती रिक्षा पाहायला नाक्यावर गेली. मी गेलो नाही. पांढऱ्या रंगाचा पहिला हात बसला तरी काळी अक्षरे खालून दिसत होती. मी पेंटरला दुसरा हात मारायला सांगितला, आणि तो वाळेपर्यंत तिथून हललो नाही.